मोबाइल द्या, पण बारा फोटोंपुरता

पत्र :

"नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. लेक अकरा वर्षांची, मुलगा आठचा. मिस्टर अंबडच्या एमआयडीसीत, शिफ्ट ड्यूटी. सुट्टी लागल्यापासून लेकीनं 'मला फोटोग्राफी शिकायचीय, शॉर्टफिल्म करायचीय' असा धोशा लावलाय. तिला जे हवं ते धाकट्याला आधी हवं असतं. गंगापूर रोडला एका शिबिराची चौकशी केली आणि दोघांची फी ऐकून परत आले. मिस्टर म्हणतात, बोनस आला की कॅमेरा घेऊन टाकू. सासूबाई म्हणतात, मोबाइल हातात दिला की पोर गेलंच समज. मला स्वतःला फोटोतलं काही कळत नाही, माझे फोटो कायम हललेले येतात. घरात एक जुना मोबाइल पडलाय, कोपऱ्यात काच तडकलेली आहे. एवढ्यावर मुलांना घरी काही शिकवता येईल का?
– एक आई"

ताई,

येईल. तुम्हाला फोटोतलं कळत नाही, त्यानं बिघडत नाही. उलट सोपंच होईल. ते का, ते पुढे ओघात येईलच.

आधी कॅमेऱ्याचा विषय मिटवू. मिस्टरांना सांगा, बोनस राहू द्या. महागाचा कॅमेरा घरात आला की पहिला आठवडा कौतुकाचा जातो आणि दुसऱ्या आठवड्यापासून "पडेल, हात धुऊन घे, पट्टा गळ्यात घाल" सुरू होतं. मग तो कपाटात वरच्या खणात जातो आणि लग्नकार्याला तेवढा बाहेर येतो. तुमच्या जुन्या मोबाइलची काच आधीच तडकलेली आहे, म्हणजे तो पडण्याची भीती निम्मी संपली. फक्त दोन गोष्टी बघा. मागचं झाकण फुगून वर आलंय का? आलं असेल तर बॅटरी फुगली आहे, असा फोन मुलांना अजिबात देऊ नका, चार्जिंगलाही लावू नका. तसं नसेल तर तडकलेल्या कोपऱ्यावर काचेचा गार्ड चिकटवून घ्या, म्हणजे बोट कापणार नाही.

आता सासूबाई. त्या निम्म्या बरोबर आहेत, आणि ते त्यांना मोकळेपणानं सांगा. मोबाइलमध्ये बघत बसणं आणि मोबाइलनं काही करणं, यांतला फरक आठ वर्षांच्या मुलाला आपोआप कळत नाही. म्हणून फोन द्यायच्या आधी त्यातलं सिम काढा, वायफायचा पासवर्ड विसरायला लावा, खेळ आणि व्हिडिओची सगळी ॲप उडवा. कॅमेरा, घड्याळ आणि गॅलरी, एवढंच उरू द्या. मग तो मोबाइल राहत नाही. आणि ठेवायचा कुठे? देवघराशेजारी, सासूबाईंच्या ताब्यात. मागायचा त्यांच्याकडून, परत द्यायचा त्यांच्याकडे. यातलं शहाणपण तुम्हाला आठवडाभरात कळेल.

आता नियम. एकच आहे, पण कडक पाळायचा : एका मुलाला एका दिवसाला बारा फोटो. तेरावा नाही. काढलेला फोटो खोडून त्याच्या जागी दुसरा काढायचा नाही. हललेला आला, अंगठा आला, आजोबांचं डोकं उडालं, तरी तो बारातला एक.

बाराच का, तर माझ्या लहानपणी पंचवटीतल्या आमच्या घरात वडिलांचा आगफाचा 'क्लिक थ्री' होता. काळा, डब्यासारखा, साधा. त्यात १२० चा रोल बसायचा आणि त्यावर बारा चौकोनी फोटो यायचे. रोल महाग, धुणं महाग, छापणं त्याहून महाग. वडील मला वर्षातून एक रोल द्यायचे, दिवाळीला. बारा फोटो आणि अख्खी दिवाळी! मी किल्ल्यासमोर अर्धा अर्धा तास उभी राहायची, ऊन मावळ्यांच्या तोंडावर कधी येतंय बघत. पहिल्या वर्षी चार फोटो काढून झाले आणि मला राहवेना, आत खरंच काही उमटलंय का ते बघायला मी मागचं झाकण उघडलं. रोलला उजेड लागला आणि सगळी दिवाळी पांढरी. वडील रागावले नाहीत, "आता पुढच्या दिवाळीला" एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

तुमच्या लेकीला रोलची चणचण आयुष्यात कधी भासणार नाही, ती आपणच मुद्दाम घालायची. कितीही फोटो काढता येतात तेव्हा मुलं बटण दाबत सुटतात आणि समोरचं बघतच नाहीत; बघणं नंतर गॅलरीत करू म्हणतात आणि तेही होत नाही. बाराच आहेत म्हटलं की दोन-तीन दिवसांत फोन आपोआप खाली येतो. मूल आधी डोळ्यांनी बघायला लागतं, एक पाऊल पुढे जातं, गुडघ्यावर बसतं, वाट बघतं. तुम्हाला शिकवायचं ते एवढंच आहे, बाकीची तंत्रं त्याच्या मागून येतात.

रात्री जेवणं झाली की दोघांचे मिळून चोवीस फोटो सगळ्यांनी बसून बघायचे. इथे तुमचं 'काही न कळणं' कामाला येतं. ज्यांना कळतं ते लगेच सांगतात, हा वाकडा आलाय, इथे उजेड जास्त झालाय. तुम्ही तसं म्हणूच शकत नाही! तुम्ही फक्त विचारा : यात तुला काय दाखवायचं होतं? आणि मला काय दिसतंय ते सांगते. लेक म्हणेल, मी मांजर काढलीय. तुम्ही म्हणाल, मला तर आधी लाल बादली दिसली. संपलं. दुसऱ्या दिवशी ती बादली बाजूला सरकवेल. 'वा, छान, मस्त' हे शब्द मात्र महिनाभर घरात बंद. कौतुक करायचं तर फोटोतल्या एका गोष्टीचं नाव घेऊन करा : "आजीच्या बांगडीवर ऊन आलंय ते आवडलं."

दर रविवारी प्रत्येकानं आपला एकच फोटो निवडायचा. महिन्याचे चार चार झाले की जवळच्या स्टुडिओतून चार बाय सहा आकारात छापून आणा आणि हॉलमध्ये दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवा. कागदावरचा फोटो मुलं वेगळ्या डोळ्यांनी बघतात.

तुमच्या हललेल्या फोटोंचं आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हालाही एक विद्या येईल. घरात उजेड कमी असला की फोनला तो गोळा करायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण बटणाला धक्का देतो. म्हणून कोपरं बरगड्यांना टेकवायची, पाठ भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला, श्वास सोडून मग हलक्या बोटानं टिपायचं. तीन सेकंदांचा टायमर लावला तर धक्का अजिबातच लागत नाही. आणि सगळ्यात आधी, लेन्स पुसायची. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा मऊ तुकडा फोनबरोबरच ठेवा. घरच्या फोनमधले धुरकट फोटो बहुतेक वेळा तेलकट बोटामुळे येतात, कॅमेरा वाईट असल्यामुळे नाही.

बोटांनी चिमटीत ताणून चित्र मोठं करायची सवय लागू देऊ नका. तसं ओढलं की बहुतेक जुने फोन चित्राचा मधला तुकडा कापून फुगवतात, तपशील जातो. जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जायचं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये उभ्या-आडव्या रेषांची जाळी असते, ती चालू करा. त्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे महत्त्वाची गोष्ट ठेवून बघायला सांगा. यावर याहून जास्त बोलू नका. या जाळीचा एवढा उदो उदो झालाय की सगळ्या पोरांचे फोटो एकसारखे यायला लागलेत.

उजेडावर मात्र हवा तेवढा वेळ घाला. सकाळी नऊच्या सुमाराला सासूबाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीशी भाजी निवडायला बसवा. लेकीला सांगा, आजी तीच, जागा तीच, तू तेवढी फिर. खिडकी लेकीच्या पाठीमागे असताना एक फोटो, बाजूला असताना एक, आजीच्या पाठीमागे असताना एक. समोरून उजेड आला की चेहरा सपाट दिसेल. बाजूनं आला की सुरकुत्या, नाक, कानातलं सगळं उठून येईल. मागून आला की आजी काळी सावली होईल आणि केसांना रुपेरी कड दिसेल. मग धाकट्याच्या हातात पांढरा कार्डशीट किंवा थर्माकोलचा तुकडा द्या आणि आजीच्या अंधाऱ्या गालाच्या बाजूला धरायला लावा. गाल उजळलेला बघून तो ओरडेल. त्याला सांगा, दादासाहेब फाळक्यांच्या शूटिंगला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अशाच उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या. फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं, हेही त्या करायच्या. हे घर काही परकं नाही, दादासाहेबांचा जन्म १८७० सालचा, आपल्या त्र्यंबकेश्वरचा.

मे महिन्याच्या दुपारी बाहेर पाठवू नका, फोटोही चांगले येत नाहीत. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. त्या वेळात घरात एक गंमत करा, आणि ही चुकवू नका. एका खोलीची खिडकी जाड पुठ्ठ्यानं नाहीतर काळ्या कागदाच्या दोन-तीन थरांनी पूर्ण बंद करा, फटी चिकटपट्टीनं बुजवा. मधोमध एक सेंटिमीटरचं गोल भोक पाडा. दार लावा, पाच-दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, आणि समोर पांढरी चादर ताणून धरा. बाहेरची आख्खी गल्ली चादरीवर उमटेल, रंगासकट, पण उलटी. झाडं वरून लोंबतील, रिक्षा छतावरून जाईल, तीही उलट दिशेनं. उजेड सरळ रेषेत चालतो : वरून आलेला भोकातून खाली जातो, खालून आलेला वर. चादर पुढे-मागे करा, चित्र लहान-मोठं होतं. भोक लहान केलं की चित्र रेखीव पण अंधूक, मोठं केलं की उजळ पण धूसर. फोनच्या कॅमेऱ्यात हेच चाललंय, फक्त भोकाच्या जागी भिंग आहे. पश्चिमेकडची खिडकी असेल तर सकाळी करा, पूर्वेकडची असेल तर दुपारनंतर, म्हणजे समोरच्या भिंतींवर ऊन असेल आणि सूर्य थेट भोकात येणार नाही. भोकातून सूर्याकडे बघायचं नाही, हे दोघांकडून वदवून घ्या.

आता सिनेमा. लेकीच्या डोक्यात बहुतेक भुताची गोष्ट असेल. असू द्या, पण पहिला सिनेमा मटकीचा.

हसू नका. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ ला आला, त्याच्या आधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याभराहून जास्त दिवस त्याचं वाढणं टिपलं. पडद्यावर तो सगळा महिना जेमतेम मिनिटाभरात सरायचा. 'अंकुराची वाढ' म्हणतात ती हीच. ती निवडक लोकांना दाखवली आणि ते बघून काहींनी पुढच्या सिनेमासाठी कर्जाऊ पैसे देऊ केले. म्हणजे वाटाण्यानं भांडवल उभं केलं!

तुमच्याकडे महिना नाही, म्हणून मटकी. काचेच्या ग्लासात ओला कापूस, काचेला लागून चार भिजवलेल्या मटक्या. मागे काळा कागद. फोन दोन डब्यांच्या मध्ये घट्ट अडकवून ठेवा आणि फोनची, ग्लासची जागा ओट्यावर चिकटपट्टीनं आखून घ्या. पडदा ओढून ट्यूबलाइटच्या उजेडात करा. खिडकीचा उजेड दिवसभर बदलतो आणि मग सिनेमा लुकलुकतो. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दर अर्ध्या तासानं एक फोटो, म्हणजे दिवसाला एकोणतीस. पाच दिवसांचे एकशे पंचेचाळीस. सेकंदाला बारा फोटो या वेगानं लावले की बारा सेकंदांचा सिनेमा. (हे बारा फोटोंच्या नियमात धरायचे नाहीत, हे तुम्ही आधीच जाहीर करा, नाहीतर लेक वकिली करेल.) दोघांनी पाळ्या वाटून घ्यायच्या, मिस्टरांच्या शिफ्टसारख्या. मुलं झोपतात त्या दहा तासांत फोटो नाहीत, त्यामुळे सिनेमात रोज रात्री अंकुर टुणकन उडी मारेल. तेवढ्यावरून 'दोन फोटोंमधला वेळ' ही गोष्ट त्यांना मी शंभर ओळींत सांगूनही कळली नसती इतकी कळेल.

हे जमलं की धाकट्याला चिंचोके द्या. जमिनीवर चिंचोक्यांची रांग, एक चिंचोका बोटभर सरकवायचा, हात बाहेर, फोटो; पुन्हा सरकवायचा, हात बाहेर, फोटो. दहा सेकंदांना एकशेवीस. आठ वर्षांचं पोर एवढा वेळ बसेल का, असं तुम्हाला वाटेल. बसतं. फाळक्यांनी १९१५ मध्ये याच पद्धतीनं आगकाड्या नाचवल्या होत्या. पण आपण काड्यापेटी मुलांपासून लांबच ठेवू, चिंचोके बरे.

मग लेकीचा खरा सिनेमा. भुताला आणखी एक आठवडा थांबवा आणि घरात होणारं एक काम निवडा, ज्याला सुरुवात, मध्य आणि शेवट आपसूकच आहे. तुमच्याकडे या दिवसांत कुरडया होत असतील. त्याहून चांगला विषय मला सुचत नाही. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतं, मग वाटणं, पिळणं, चीक खाली बसणं, निवळी ओतणं, पहाटे चीक शिजवणं, गच्चीवर साचा दाबणं, आणि उन्हात वाळणं. गोष्ट लिहायची गरजच नाही, फक्त टिपायची.

पहिल्या खेपेला लेकीला सांगा, एका कामाचे पाचच तुकडे घ्यायचे, प्रत्येक दहा सेकंदांचा, आणि तुकडा चालू असताना फोन हलवायचा नाही. नवशिक्याचा हात सारखा इकडून तिकडे फिरतो, जणू घरात चोर शोधतोय. पहिला तुकडा लांबून : आख्खी गच्ची, पसरलेलं प्लास्टिक, पाण्याची टाकी, सगळ्या बायका. दुसरा थोडा जवळून : आजी आणि तिच्या हातातला साचा. तिसरा अगदी जवळून : साच्यातून पडणाऱ्या तारा. चौथा चेहऱ्याचा, दाबताना आजी ओठ कसा मुडपते तो. आणि पाचवा असा, जो दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. हा तिनं स्वतः शोधायचा. माझ्या भाचीनं या पाचव्यात वळचणीला टपून बसलेला कावळा टिपला होता, आणि तोच त्या सिनेमाचा नायक झाला.

गच्चीवर सकाळी सात-साडेसातचं तिरपं ऊन असतं, कुरडईच्या एकेका तारेची सावली पडते. तेच दुपारी बारा वाजता टिपलं तर पांढऱ्यावर पांढरं, काही दिसत नाही. पांढऱ्या कुरडयांमुळे फोन गोंधळतो आणि सगळं मळकट करतो. त्या वेळी पडद्यावर कुरडईला बोट लावून थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे बऱ्याच फोनांत उजेड आणि फोकस तिथेच थांबतो, शेजारच्या खुणेवर बोट वर-खाली केलं की कमी-जास्त करता येतो. फोन आडवा धरायचा. शूटिंगच्या मधेच कुणी "चीक खायला या" म्हणालं तर फोन ठेवून आधी चीक खायचा.

आवाजाकडे मुलं लक्ष देत नाहीत आणि त्यांचे सिनेमे तिथेच पडतात. चित्र थोडं अंधारं असलं तर लोक बघतात, पण शब्द कळला नाही की उठून जातात. घरात टिपताना पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर लावायच्या आधी काम उरका. कुणी बोलणार असेल तर दुसरा फोन, तुमचा, त्यांच्या खिशात किंवा पदराआड ठेवून त्यात आवाज वेगळा भरा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. जोडताना चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकावर एक आणली की ओठ आणि शब्द जुळतात. सिनेमावाले पाटी आपटतात ती यासाठीच. आणि नुसते आवाज गोळा करायला लावा : साच्याची कुरकुर, पातेल्यात रटरटणारा चीक, पहाटेची भारद्वाजाची हूक.

जोडणीला तुमच्या फोनमधलं कुठलंही साधं ॲप चालेल. तुकडे ओळीनं लावणं, पुढचा-मागचा भाग कापणं, आवाज लावणं, एवढंच करायचं. फुलं उडवणारे, पान उलटणारे जोड नकोत, ते लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना राहू द्या. कापण्याची ताकद समजायला एक जुना प्रयोग आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकानं एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला. सुपाच्या वाटीनंतर लोकांना तो भुकेला वाटला, शवपेटीनंतर दुःखी. घरी करा. धाकट्याचा कोरा चेहरा पाच सेकंद. मग एकदा आमरसाची वाटी जोडा, एकदा त्याचं प्रगतिपुस्तक, एकदा दारातल्या बाबांच्या चपला. चेहरा तोच, आणि आजी प्रत्येक वेळी वेगळं काही सांगेल. हा प्रयोग करून झाला की मुलं टीव्हीवरच्या बातम्याही जरा संशयानं बघायला लागतात, तो फायदा वेगळा.

रविवारी बाहेर पडाल तेव्हा पांडवलेणी. डोंगराच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहेच. लेण्यात आत, अंधारात उभं राहून दाराकडे तोंड करा आणि लेकीला दारात उभं करा. धाकट्यानं आधी पडद्यावर तिच्या चेहऱ्याला बोट लावून टिपायचं, मग बाहेरच्या आभाळाला. पहिल्यात ताई दिसेल आणि आभाळ पांढरं फटक होईल, दुसऱ्यात आभाळ निळं आणि ताई काळी बाहुली. दोन्ही एकदम नीट येत नाहीत, त्यातलं एक निवडावं लागतं. नवे फोन दोन-तीन फोटो गुपचूप एकत्र करून दोन्ही दाखवायला बघतात. तुमचा जुना फोन आहे, तो बरा. भिंतींना टेकू नका, कोरीवकामाला हात लावू नका.

पुढचं जरा बसून सांगायला हवं. नाशिकात कॅमेरा घेतला की पाय गोदाघाटाकडे वळतात. रामकुंडाचं पाणी, कबुतरं, सकाळचं ऊन, सगळं सुंदर आहे. पण तिथे रोज कुणीतरी अस्थी घेऊन आलेलं असतं, कुणाचा दशक्रियाविधी चाललेला असतो, बायका अंघोळ करून ओल्या कपड्यांत बाहेर येत असतात. मी चौदा वर्षांची असताना तिथे एका मुंडन केलेल्या मुलाचा फोटो काढला होता. फोटो फार चांगला आला. वडिलांनी विचारलं, "त्याला विचारलं होतंस?" मी गप्प. त्यांनी तो फाडला नाही, माझ्याच पुस्तकात ठेवला, आणि तो दिसला की मी पान उलटायची. तुमच्या मुलांना हे आधीच सांगा : माणसाचा चेहरा टिपायचा तर आधी विचारायचं, दुःखात असलेल्याला विचारायचंही नाही. बुधवारच्या बाजारात भाजीवाल्या मावशींना "काढू का फोटो?" म्हटलं की त्या आधी पदर सारखा करतात, मग कोथिंबिरीची जुडी नीट मांडतात. काढल्यावर फोन त्यांच्याकडे वळवून दाखवायचा. त्या नको म्हणाल्या तर नको. मित्रमैत्रिणींचे फोटो त्यांच्या आईबाबांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि कुणाचाच फोटो कुठे टाकायचा नाही. तुमच्या फोनला नेट नसल्यानं ते आपोआप साधतंय. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाण नोंदवण्याची सोय असते, तीही बंद करून ठेवा. देवळांत फोटोची मनाई असेल तर पाटी वाचायची जबाबदारी धाकट्याची. देवळालीची लष्करी हद्द आणि नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, इथे फोन पिशवीतून बाहेर काढायचा नाही.

लेक नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांचे फोटो मागेल. तिथे थंडीत जा, दुर्बीण उसनी घ्या आणि फोन घरी ठेवा. फोनमध्ये बगळा ठिपक्याएवढा येतो आणि मूल हिरमुसतं.

शिबिराचं म्हणाल तर आत्ता नकोच. वर्षभरानं तिची दोरी फोटोंनी भरली आणि तुमच्याजवळ उत्तर नाही असे प्रश्न ती विचारायला लागली, तर फी भरायला हरकत नाही. तोवर कंटाळली तरी चालेल. माझा भाचा तिसऱ्या आठवड्यात कंटाळला आणि आवाज गोळा करण्यातच रमला. आता तो तबला शिकतो.

तयार झालेला सिनेमा फोनवर बघू नका. टीव्हीला तारेनं जोडता आलं तर जोडा. शेजारच्यांना बोलवा, धाकट्याला तिकिटं करू द्या, मिस्टरांची शिफ्ट बघून खेळाची वेळ ठरवा. पहिली खुर्ची सासूबाईंची. सिनेमात हात त्यांचे आहेत.

गहू भिजत घातलेत का अजून? घातले की पहिला तुकडा त्याच रात्री घ्यायचा, पातेल्यात पडणाऱ्या गव्हाच्या आवाजासकट. आणि तिला म्हणावं, आधी लेन्स पूस.